पाठकोरे कागद

आमच्या गावात वर्तमानपत्र लातूरहून येते आणि सरकार बंगळूरहून. दोघांचीही वाट पाहावी लागते. पण वर्तमानपत्र निदान दुपारपर्यंत पोचते.

मांजरेच्या काठावरचे हे गाव. नदीपलीकडे थोडे गेले की महाराष्ट्र लागतो, पाहुणेरावळे सगळे तिकडचे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि मराठीची मिसळ, म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून उर्दूचे शब्द. मी इथल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात तीस वर्षे काढली, त्यातली बारा मुख्याध्यापक म्हणून. एम.ए. मराठीत केले, औरंगाबादला. कन्नड शिकलो ते पोटासाठी. पुढे ते आवडू लागले, ही गोष्ट वेगळी.

आमच्या लोकांची एक गंमत सांगतो. लातूरचा पालकमंत्री कोण हे पारावरचा कोणीही सांगेल. बीदरचे 'उस्तुवारी सचिव' कोण असे विचारा, दहातले सात जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. उस्तुवारी सचिव म्हणजेच पालकमंत्री, हेच मुळी पुष्कळांना ठाऊक नसते. दूरदर्शन संच लावला की मुंबईच्या बातम्या. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर 'लाडकी बहीण'चा गाजावाजा झाला तेव्हा आमच्या गल्लीतल्या दोन बायका आधारकार्ड घेऊन माझ्याकडे आल्या. "गुरुजी, दीड हजाराचा फारम भरून द्या." मी म्हटले, "मावशी, ते पलीकडचे. तुम्हाला आपल्या सरकारची गृहलक्ष्मी आहे, महिन्याला दोन हजार. गेल्या वर्षीपासून चालू आहे." त्यातल्या एकीने अर्जच केलेला नव्हता. वर्षभराचे चोवीस हजार त्या माउलीने केवळ भाषेपायी घालवले होते. शेजारच्या घराला पाऊस पडतो आहे हे दिसत होते, आपल्या दारातला हौद भरतो आहे हे दिसत नव्हते.

उलटही होते. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली. कर्नाटकाने हरकत घेतली. आमच्या लोकांनी दोन्ही बातम्या वाचल्या, दोन दिवस चर्चा केली. कोणते कार्ड घेऊन कोणत्या दवाखान्यात जायचे ते मात्र कोणत्याच बातमीत नव्हते.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकलेले. तेव्हा सरकारी फर्मान उर्दूत येई. गावचा कोतवाल चावडीपुढे हलगी वाजवी आणि फर्मानाचा मतलब आधी मराठीत, मग खालच्या आळीत जाऊन कन्नडमध्ये ओरडून सांगे. १९४८ च्या सप्टेंबरात पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्ये भाषावार झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले. भालकी, हुमनाबाद, औराद आणि खुद्द बीदर म्हैसूर राज्यात आले. आजोबा म्हणत, "आपण जागचे हाललो नाही, दप्तर हाललं." उर्दू गेली, कन्नड आली. कोतवालाची हलगीही त्यानंतर काही वर्षांनी गेली, आणि तिच्या जागी कोणी आले नाही.

तशी कायद्यात सोय नाही असे नाही. राज्यपुनर्रचनेच्या वेळीच केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक निवेदन काढले होते. ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत अशा लोकांचे प्रमाण शेकडा पंधरा ते वीस असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे त्यात म्हटले आहे. राज्यघटनेत ३५०-ख हे कलमही त्याच वर्षी आले आणि त्याखाली दिल्लीचा आयुक्त नेमला जातो. मी हे सारे शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना सांगतो. एका मुलाने विचारले होते, "सर, मग आपल्या पंचायतीच्या फळ्यावर मराठीत का नाही?" मी त्याला म्हटले, "पुढचा धडा काढ."

आता मुख्य गोष्ट.

आमच्या भागातले आमदार वर्षातून एकदोनदा एक पत्रक काढतात. कोणते आमदार, कोणता पक्ष, हे मी सांगत नाही. माझ्या नोकरीत वेगवेगळ्या पक्षांचे आमदार पाहिले आणि सगळ्यांची पत्रके एकाच छापखान्यातून निघाल्यासारखी होती. वर मोठा फोटो, त्याखाली हात जोडलेला दुसरा फोटो, मग रस्ते, नाल्या, समुदाय भवने यांची यादी आणि त्यापुढे लाखांचे आकडे. सगळे कन्नडात. कन्नडात आमदाराला 'शासक' म्हणतात. आमच्या मराठी वाचणाराला शासक म्हटले की दिल्लीचा बादशहा आठवतो. पत्रकातले फोटो पाहिले तर तो अगदीच चुकतो असेही नाही.

२०१४ च्या सुमाराची गोष्ट आहे. कार्यकर्त्याने अशा पत्रकांचा एक गठ्ठा शाळेत आणून ठेवला. "सर, पोरांच्या हाती घरी पाठवा." मी मान डोलावली आणि गठ्ठा कपाटात टाकला. शाळा अनुदानित, मी सरकारचे वेतन घेणारा माणूस. राजकारण्यांची जाहिरात मुलांच्या दप्तरातून का पाठवावी? माझे हे तत्त्व होते आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. पत्रक कोरीव कागदावर, एकाच बाजूने छापलेले. मागची बाजू पांढरी स्वच्छ. घटक चाचण्या तोंडावर आलेल्या, शाळेत कागदाची नेहमीची टंचाई. शिपायाला सांगितले, "हे पाठकोरे कापून आठवीला उत्तरे लिहायला द्या."

ते पत्रक मी वाचलेच नव्हते. पहिली ओळ वाचली, फोटो पाहिला आणि पुरे झाले.

त्याच उन्हाळ्यात आमच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या एका मुलीचे वडील माझ्याकडे आले. कोरडवाहू पाच एकर, तूर आणि सोयाबीन. मुलगी हुशार, दहावीला आमच्या शाळेत पहिली आली होती, पुढे विज्ञान घेऊन पी.यू.सी. केली आणि सीईटी दिली. तिला शेतीची पदवी हवी होती, रायचूरच्या कृषी विद्यापीठात. वडिलांच्या हातात दोन कागद होते. एक मुलीच्या अर्जाचा. दुसरा तिच्या धाकट्या भावाचा, आमच्याच आठवीतला, घटक चाचणीचा गणिताचा पेपर. वीसपैकी नऊ गुण.

"गुरुजी, ह्या पेपराच्या मागं काय लिवलंय ते जरा सांगा. पोरगी म्हनती तिचं काम ह्यातच होतं."

मी कागद उलटा केला. आमदारांचा अर्धा फोटो, कारण कात्री तिथूनच गेली होती. त्याखाली चौकट: घटनेच्या ३७१-ञ कलमाप्रमाणे पात्रता प्रमाणपत्रे देण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी शिबिर, सोबत आणायची कागदपत्रे आणि 'कोनेय दिनांक', म्हणजे शेवटची तारीख. तारीख जाऊन बरेच दिवस झाले होते.

हे ३७१-ञ प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या हैद्राबाद संस्थानातून कर्नाटकात आलेले जिल्हे मागे राहिले, ही तक्रार फार जुनी. डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ साली राज्यातले अतिमागास असे ३९ तालुके काढले, त्यातले २१ एकट्या गुलबर्गा विभागात निघाले. वैजनाथ पाटलांसारख्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, खर्गे आणि धर्मसिंग यांनी दिल्लीत जोर लावला, आणि २०१२ च्या डिसेंबरात संसदेने घटनादुरुस्ती मंजूर केली. पुढच्या वर्षी नियम निघाले. आमच्या भागातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत शेकडा ७० जागा इथल्या मुलांना, राज्यात इतरत्र शेकडा ८. नोकऱ्यांत 'क' गटात ८०, 'ड' गटात ८५. मराठी, कन्नड, उर्दू असा भेद त्यात कुठेही नाही. दहा वर्षे इथे राहिल्याचे दाखवा, प्रमाणपत्र घ्या. आमच्या मराठी मुलांना स्वातंत्र्यानंतर मिळालेली ही सर्वांत मोठी चीज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागो. सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा २००४ पासून पडून आहे. पण ही सत्तर टक्के आज, इथे, दारात उभी आहे.

तर त्या मुलीचा सीईटीचा अर्ज प्रमाणपत्राशिवाय गेला. ती सर्वसाधारण यादीत धरली गेली आणि रायचूर हुकले.

मी वडिलांना काय सांगितले? खरे सांगायचे तर त्या दिवशी खरे सांगितले नाही. "शिबिराची सूचना होती, तारीख गेली," एवढेच म्हणालो. त्या कागदाचा पेपर कसा झाला हे त्यांनी विचारले नाही. गरीब माणूस शाळेला असे प्रश्न विचारत नाही. ते "बरं, नशीब" म्हणून उठले. पेपर मात्र त्यांनी घडी करून खिशात ठेवला, कारण मुलाचे गुण बायकोला दाखवायचे होते.

मुलगी उदगीरला बी.एस्सी. झाली. पुढे लातूरला नोकरीला लागली, आता संसारात आहे. तिचे वाईट झाले असे कोणी म्हणणार नाही. पण रायचूर ते रायचूर. तिच्या वडिलांना मी सगळी हकीकत सांगितली ती तीन वर्षांनी, एका लग्नाच्या पंगतीत, आणि तेही अर्धवट. त्यांनी वाढप्याला हाक मारून मला जिलेबी वाढायला लावली. त्याचा अर्थ मला आजही नीट लागलेला नाही.

त्यानंतर पत्रक आले की मी ते अक्षरन् अक्षर वाचू लागलो. मग लक्षात आले की फोटो आणि स्तुती काढून टाकली तर खाली बरेच काही उरते. आमदाराच्या हाती काय काय असते याची आमच्या लोकांना कल्पना नसते. स्थानिक विकासनिधी वर्षाला दोन कोटींचा. तालुक्याची केडीपी सभा त्यांच्या अध्यक्षतेखाली होते आणि तिथे प्रत्येक खात्याच्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. घरकुलाच्या आश्रय समितीचे अध्यक्ष तेच, पडीक सरकारी जमीन कसणाऱ्यांच्या बगैर हुकूम समितीचेही तेच. प्रदेश विकास मंडळ आहे. २०१९ मध्ये हैद्राबाद-कर्नाटकाचे नाव कल्याण कर्नाटक झाले, तेव्हा मंडळाचेही बदलले. राज्याच्या अंदाजपत्रकात २०२३-२४ साली त्याला ५००० कोटी जाहीर झाले. सात जिल्ह्यांत वाटायचे असले तरी आकडा लहान नव्हे. यातले आपल्या गावाला काय आले हे त्या पत्रकात लिहिलेले असते. खरे असो वा खोटे, लिहिलेले असते. आणि लिहिलेल्याचा जाब विचारता येतो.

पण वाचणार कोण? मोठी माणसे कन्नड बोलतात, वाचत नाहीत. मुले वाचतात. आमच्याकडे कन्नड हा विषय सक्तीचा आहे, दहावीपर्यंत प्रत्येक पोर तो शिकते. म्हणून मी कन्नडच्या बाईंशी बोललो आणि पत्रक आले की नववी-दहावीच्या मुलांनी त्याचे मराठी करायचे, असा स्वाध्यायच ठेवला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मारुतीच्या पारावर ते वाचायचे.

पहिल्या वेळी फार हसू झाले. दोन्ही भाषांत शब्द एकच, अर्थ निराळे. 'बेळे परिहार' म्हणजे पिकाची नुकसानभरपाई. एका मुलाने लिहिले, 'पिकांचा त्याग'. 'विद्यार्थिनींना विशेष अवकाश' म्हणजे खास संधी. त्याची 'मुलींना खास सुट्टी' झाली. 'कामगारी' म्हणजे बांधकामाची कामे, तिथे 'कामगिरी' झाली, आणि 'आमदारांची पूर्ण झालेली कामगिरी' ऐकून पारावरचे म्हातारे म्हणाले, "बरं झालं, पूर्ण झाली एकदाची." शाळा शिकल्याच्या दाखल्याला कन्नडात 'व्यासंग प्रमाणपत्र' म्हणतात. मी आजवर शेकडो व्यासंग प्रमाणपत्रांवर सह्या केल्या आहेत. त्यातल्या कित्येकांनी पाठ्यपुस्तकही पुरते उघडले नव्हते. २०१८ साली कुमारस्वामी सरकारने दोन लाखांपर्यंतचे पीककर्ज माफ करायचे जाहीर केले. कन्नडात 'साल' म्हणजे कर्ज, 'साल मन्ना' म्हणजे कर्जमाफी. एका आजोबांनी विचारले, "साल मन्ना म्हंजे यंदाचं सालच सोडून दिलं का सरकारनं?" त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, त्यामुळे कोणाला फार चूक वाटली नाही.

सगळेच हसण्यावारी गेले असे नाही. काहींनी मला दुसऱ्या बाजूला ढकलले. एक जुने कार्यकर्ते, ज्यांनी सीमालढ्यात तुरुंग पाहिला होता, ते म्हणाले, "हेडमास्तर, कन्नडची चाकरी करायला निघालात की काय?" मी त्यांना भालकीच्या मठाची गोष्ट सांगितली. निजामाच्या अमदानीत चन्नबसव पट्टद्देवरूंनी बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नडची शाळा चालवली, असे आमच्या भागात सगळेच सांगतात. मी म्हटले, "त्यांनी उर्दू पाटीआड कन्नड जपली, मला कन्नड पत्रकाआड मराठी माणूस जपू द्या." ते काही बोलले नाहीत. पटले असे नव्हे. पुढच्या शनिवारी मात्र पारावर मागच्या बाजूला बसलेले दिसले.

२०२० साली बसवकल्याणचे आमदार बी. नारायणराव वारले, पोटनिवडणूक लागायची होती. नोव्हेंबरात सरकारने मराठा समाजासाठी प्राधिकरण आणि ५० कोटी जाहीर केले. कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला, मग प्राधिकरणाचे निगम झाले. लातूरच्या पत्रांनी मोठे मथळे दिले. आमच्या पारावर महिनाभर तोच विषय. कर्जाचा अर्ज कुठे करायचा हे विचारायला मात्र शेवटी चारपाच पोरे माझ्याकडेच आली. बातमी मराठीत होती, अर्ज कन्नडात.

आता भिंतीचे सांगतो. दोनेक वर्षांपूर्वीच्या पत्रकात पूर्ण झालेल्या कामांत, सतराव्या क्रमांकावर, आमच्या शाळेची संरक्षक भिंत होती. वाचणारी नववीतली मुलगी त्या ओळीवर थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. शाळेला तीन बाजूंनी भिंत नाही. रोज दुपारी म्हशी मैदानातून नदीवर जातात. मी म्हणालो, "वाच, जे लिहिले आहे ते वाच." तिने वाचले. आकड्यासकट. पारावर आधी कोणी हसले नाही, मग एकदम सगळे हसले.

सोमवारी दोन तरुण शाळेत आले. बोलणे मर्यादेचे होते, पण मोटारसायकली त्यांनी बरोबर कार्यालयाच्या दारात आडव्या लावल्या. "काय करलालाव सर? साहेबांची बदनामी पोरांकडून?" मी म्हटले, "बदनामी कसली? साहेबांनी जे छापले तेच वाचले. तुम्हीच म्हणत होता ना, पोरांच्या हाती घरी पाठवा." ते म्हणाले, सरकारी पगार घेता, वरती अर्ज जाईल. त्या रात्री झोप लागली नाही हे कबूल करतो. निवृत्तीला थोडी वर्षे राहिलेली, मुलीचे लग्न व्हायचे. बायको म्हणाली, "एवढी पत्रकं कापलीत तेव्हा कोणी अर्ज केला नाही, आता वाचली म्हणून करतात." हे तिला कसे सुचले कोण जाणे, मला धीर आला.

अर्ज गेला की नाही ते कळले नाही. पालकांपैकी आठजण केडीपी सभेच्या दिवशी तालुक्याला गेले. त्यात त्या मुलीचे वडीलही होते, त्यांचे मूल आता शाळेत नसतानाही. सभेत बाहेरच्यांना बोलू देत नाहीत. पण आमदार जेवायला बाहेर आले तेव्हा यांनी पत्रक पुढे केले आणि सतरावी ओळ दाखवली. आमदार मराठीतच बोलले, तेही आपुलकीने. निवडणुकीत ते मराठीतच बोलतात. म्हणाले, "चूक झाली, मंजूर होते, पूर्ण असे पडले." मी पाठवलेली दुसरी मागणी, पत्रकाचे निदान एक पान मराठीत छापण्याची, तिच्यावर त्यांच्या सहायकाने उत्तर दिले: मराठीत छापले तर बंगळूरला वेगळा अर्थ काढतील, तुमची पोरे वाचतात ते चांगलेच आहे.

भिंत अर्धी झाली आहे. उत्तरेकडची बाजू आणि पूर्वेचा थोडा भाग. म्हशींनी रस्ता बदलून पश्चिमेकडून जायला सुरुवात केली आहे.

यंदाचे पत्रक नवरात्रात आले. बारा पाने, दोन्ही बाजूंनी छापलेली. आमची भिंत या वेळी 'प्रगतीत' या सदराखाली आहे. पान चारवर विद्यार्थी वेतनाच्या अर्जाची तारीख आहे, ती दिवाळीच्या सुट्टीतच संपते. म्हणून बाईंना म्हटले, या वेळी शनिवारपर्यंत थांबायला नको, बुधवारीच वाचून टाकू.